ताडपत्रीवाल्याचं शीड

नाशिकला जुन्या मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत वडिलांचं ताडपत्रीचं दुकान होतं. कांद्याचा ढीग झाकायला, ट्रकवर टाकायला, लग्नाच्या मांडवावर ताणायला लोक तिथून ताडपत्री शिवून न्यायचे. नेताना प्रत्येक जण शिवण दोन्ही हातांनी ओढून बघायचा आणि विचारायचा, "धरेल ना?" वडील वर न बघता म्हणायचे, "धरेल." संपलं. तीच पावती आणि तीच गॅरंटी. बाहेर आभाळ भरून आलेलं असायचं, गिऱ्हाइकाचा माल उघड्यावर पडलेला असायचा, त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा, तरी त्या एका शब्दावर तो घडी खांद्यावर टाकून निघून जायचा.

मी त्यांचा मुलगा असून विचारणाऱ्यांच्या जातीचा निघालो. गॅस बंद केला का, कडी लावली का, गाडी वेळेवर येईल का, आली तर जागा मिळेल का. त्या काळात दिल्लीत दर थोड्या दिवसांनी सरकार पडायचं, त्यामुळे घरात माझं नाव काळजीवाहू सरकार पडलं होतं. नोकरीही मला स्वभावाला शोभेलशीच मिळाली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी पॅनेलसमोर बसून काटे बघायचो. काटा हलला की माझा जीव वर यायचा, आणि बराच वेळ हलला नाही की तो अडकला तर नसेल ना, म्हणूनही वर यायचा. शाळेत असताना सुट्टीत वडिलांनी मला दाभण हातात देऊन शिवायला बसवलं होतं. मातीतून कोंबडी चालत गेल्यासारखे माझे टाके पडायचे. दोन-तीन सुट्ट्यांनंतर त्यांनी तो नाद सोडला आणि मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. देवळालीला नौदलातून निवृत्त झालेले एक साहेब राहायचे. त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्याचा कापडी पडदा वडिलांनीच शिवला होता. या साहेबांनी रत्नागिरीकडच्या एका खाडीत चिखलात रुतलेलं जुनं गलबत विकत घेतलं, त्याची डागडुजी केली, त्यातलं इंजिन काढून टाकलं आणि पूर्वी कौलं आणायला गलबतं जायची तसं नुसत्या शिडावर, किनारा धरून, कोचीपर्यंत जायचं ठरवलं. निवृत्त माणसानं बागेत गुलाब लावावेत असं माझं मत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

साहेबांना तांडेल मिळाला, म्हणजे गलबत चालवणारा म्होरक्या. खलाशी मिळाले. शीड शिवणारा मात्र मिळेना. होड्यांना इंजिनं बसत गेली तशी ती माणसं दुसऱ्या कामाला लागली, काही वारली. फिरून फिरून साहेब आमच्या दुकानात आले. म्हणाले, "तंबू शिवता, मांडव शिवता, तर शीड शिवाल का?"

वडिलांनी साहेबांनी आणलेल्या जाड सुती कापडाचं टोक चिमटीत धरून पाहिलं. "कापडच हे ना? मग शिवू की."

पुढचा सगळा घोळ या 'कापडच हे ना'मधून निघाला. पण माझी धास्ती वेगळीच होती. त्या वर्षी वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी अंगठा, मग सगळा पंजा. स्वस्थ बसलेले असले की जास्त. आईच्या ते सगळ्यात आधी लक्षात आलं. "चहा बशीत सांडतो अन् म्हणतात, कप गळका हे," ती मला म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार, किती आणि कधी ते सांगता येत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर वडिलांनी रिक्षात बसण्याआधी आम्हा दोघांना बजावलं, "हे बाहेर बोलायचं नाय." मी समजलो. ताडपत्रीवाल्याचा हात हलतो हे एकदा बाजारात कळलं की त्याच्या 'धरेल'वर कोण विश्वास ठेवणार?

तर अशा हाताने त्यांनी शीड शिवायला घेतलं. मी ड्यूटी संपली की दुकानात जायचो आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहून टाके बघायचो. टाके सरळच दिसत होते. पण जवळून बघितलं की काही टाके लांब, काही आखूड, मध्येच एखादा बाजूला सरकलेला. ताडपत्रीत ते चाललं असतं. ताडपत्री खाली जमिनीवर पडून असते, फार तर ट्रकवर दोरीने बांधलेली असते. या कापडाच्या जिवावर माणसं समुद्रात जाणार होती. मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, मशिनवर मारून घेऊ या का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघून चहा आणायला गेलो.

शीड झालं, टेम्पोत घालून आम्ही ते घेऊन खाडीवर गेलो. मी चार दिवसांची रजा टाकली होती. पोहोचवायचं, पसंत करून घ्यायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम होतं. वाळूवर शीड पसरलं. भलामोठा पांढरा त्रिकोण, इस्त्री केल्यासारखा सपाट. वडील कडेला उभे राहून कौतुकाने बघत होते. तांडेल आला. साठी ओलांडलेला, हडकुळा, तोंडात सतत काहीतरी चघळणारा माणूस. तो शिडाभोवती पूर्ण फेरी मारून आला आणि म्हणाला, "ताडपत्री झ्याक हाय. शीड कुठं हाय?"

खलाशी हसले. वडील हसले नाहीत. तांडेलाने दोन्ही हात पुढे करून मोठं पोट असल्यासारखी खूण केली. शिडाला पोट लागतं, सपाट कापडात वारा भरत नाही, निसटून जातो. आम्ही जन्मभर केलं ते नेमकं उलटं होतं. ताडपत्रीला पोट आलं तर त्यात पाणी साचतं आणि सगळं कोसळतं, म्हणून ती सुतात सपाट हवी. वडिलांना आयुष्यात पहिल्यांदाच कापडाला मुद्दाम फुगवटा द्यायचा होता. ते तांडेलाला म्हणाले, "म्हणजे ब्लाउजसारखं हे. टक्स टाकायचे." आता खलाशी आणखी हसले, पण तांडेलाने मान डोलावली.

पुढचे दिवस खाडीकाठच्या एका मोडक्या शेडमध्ये वडील शिवण उसवत होते, पट्ट्यांच्या कडा किंचित गोल कापत होते आणि पुन्हा जोडत होते. मी रजा वाढवून घेतली. कापड त्यांना कळलं होतं हे मलाही दिसत होतं, पण मी कापडाकडे बघतच नव्हतो, हाताकडे बघत होतो. अखेर शीड पुन्हा पसरलं. तांडेलाने आता हाताने चाचपून बघितलं आणि म्हणाला, "आता वाऱ्यावर घालून बघायचं. खोट असंल ती वाऱ्यात भरल्यावर कळंल. कुठं सोडायचं, कुठं आवळायचं, ते जाता जाता करायचं. शीड शिवणारा संगती पायजे."

ही त्यांची जुनी रीत होती. नव्या शिडाबरोबर पहिल्या फेरीला शिवणारा जायचाच.

मी नकार द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वडील म्हणाले, "येतो की."

गावातल्या एसटीडी बूथवरून मी घरी फोन लावला. अण्णांना अडव, असं आई म्हणेल अशी माझी खात्री होती. आईने माझं सगळं ऐकून घेतलं. काचेच्या दाराबाहेर दोन माणसं माझा फोन संपायची वाट बघत होती. मग ती म्हणाली, "त्यांनी आपल्या तोंडानं येतो म्हटलं ना? मग ते ऐकायचे नाय. तू बी जा. त्यांना एकटं सोडू नको." वर आणखी, "अन् कपाकडं लक्ष ठेव."

अशा रीतीने, नाशिकच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटाशिवाय कुठे पाय बुडवलेला नसलेला मी समुद्राच्या लांब प्रवासाला निघालो. नाशिकहून आणलेलं कांद्याचं एक पोतं आणि चिवड्याचा डबा एवढीच आमची शिदोरी. पोतं बघून स्वयंपाक करणारा म्हातारा खूष झाला. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. हा भंडारी फारसा बोलायचा नाही. माती भरलेल्या पेटीवर चूल मांडून भात शिजवायचा आणि उरलेल्या वेळात समुद्राकडे पाठ करून बसायचा, जणू त्याचं आणि समुद्राचं भांडण होतं.

गलबत खाडीतून बाहेर पडलं आणि तांडेलाच्या ओरडण्यावर खलाशांनी दोर ओढून शीड वर चढवलं. ते आधी फडफडलं, मग अंग झटकल्यासारखं झालं आणि एकदम भरलं. त्याला पोट आलं होतं. साहेब टाळ्या वाजवायला लागले. वडिलांनी फक्त खालचा ओठ चावला. मी डोळे मिटून घेतले होते आणि कान लावून कुठे टाका सुटतोय का ते ऐकत होतो.

त्या प्रवासाचं सुंदर वर्णन करणं मला जमणार नाही. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी सूर्यास्तावर तासभर भाषण दिलं असतं. मला आठवतात त्या माझ्या चिंता. शौचाला जायचं म्हणजे मागच्या बाजूला समुद्रावर लटकवलेल्या एका फळकुटाच्या पिंजऱ्यात बसायचं, खाली पाणी धावतंय. पहिले दोन दिवस मी ती वेळ येऊ नये म्हणून जेवलोच नाही. मग पोटात ढवळायला लागलं, त्यावर भंडाऱ्याने कांदा फोडून नाकाशी धरला. आपल्याच नाशिकचा कांदा असा कामाला आला. पिण्याच्या पाण्याचं पिंप किती रिकामं झालं ते मी दिवसातून कितीदातरी बोट घालून बघायचो. शेवटी तांडेलाने मला पिंपाजवळ बसायला मनाई केली.

आणि वडिलांचा हात. सकाळी किनाऱ्याकडून मतलई वारे वाहायचे, दुपारी समुद्राकडून खारे वारे. शाळेच्या भूगोलात मार्कांसाठी पाठ केलेलं ते खरोखर घडत होतं. मधला काही वेळ वारा पडायचा. तेव्हा किंवा संध्याकाळी एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकल्यावर शीड खाली यायचं आणि वडील शिवायला बसायचे. "इथं सुरकुती पडती," तांडेल बोट ठेवून सांगायचा. "हितं वारा अडकतो, सोड थोडं." वडील उसवायचे, सोडायचे, आवळायचे. मी न चुकता त्यांच्या आणि खलाशांच्या मधोमध बसायचो. खलाशी ज्या बाजूला जातील त्या बाजूला मी सरकायचो, म्हणजे थरथरणारा हात कुणाला दिसू नये. नव्या नवरीच्या पुढे अंतरपाट धरतात तसा मी दिवसभर धरून बसायचो. वडील एकदा वैतागून म्हणाले, "उजेड अडवू नको रे."

एक गोष्ट मात्र मला धीर द्यायची. रोज सकाळी बघावं तर दाभण ओवून तयार असायचे. नारळाच्या एका सोडणात, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीत, सगळे दाभण एका ओळीत टोचलेले, प्रत्येकात मेण लावलेला दोरा. नाशिकला असताना दोरा ओवायला त्यांना फार त्रास व्हायचा. दोऱ्याचं टोक नाकाभोवती फिरत राहायचं आणि ते माझ्यावर डाफरायचे. इथे ते कधी ओवून ठेवतात तेच मला कळत नव्हतं. म्हणजे समुद्राच्या हवेने हात सुधारतोय, असा मी सोयीचा अर्थ काढला.

जिथे होडीतून किनाऱ्यावर जाता यायचं तिथे मी एसटीडी बूथ शोधायचो. आई उचलल्याबरोबर विचारायची, "कप कसा हे?" मी म्हणायचो, "कप ठीक आहे." बूथवाल्याला आम्ही भांड्यांचे व्यापारी वाटत असणार.

गोवा मागे पडलं, कारवारही मागे पडलं. त्यानंतरच्या एका दुपारी खारा वारा रोजच्यापेक्षा लवकर सुटला आणि जोरात सुटला. शिडाचं पोट इतकं ताणलं गेलं की कापडातून ऊन आरपार दिसत होतं आणि शिवणी काळ्या रेघांसारख्या उठून दिसत होत्या. मी त्यातली एकेक रेघ वरपासून खालपर्यंत वाचत होतो. वडील डोलकाठीला पाठ टेकून बसले होते, उजवा हात मांडीखाली दाबून. एकलहऱ्याला काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला की ओरडायचं असतं. इथे कुणाला काय ओरडून सांगणार?

आवाज अगदी लहान आला. तडतडतड, मक्याच्या लाह्या फुटतात तसा. मधली एक शिवण वरून खाली उघडत गेली आणि त्या फटीतून निळं आकाश दिसायला लागलं. तांडेल ओरडला, खलाशी धावले, शीड ज्याला बांधलेलं होतं ते लांब आडवं लाकूड शिडासकट धाडकन खाली आलं. एक टोक पाण्यात पडलं. गलबत आडवं झालं आणि डोलायला लागलं. इंजिन साहेबांनी काढून टाकलेलं होतं. वारा आम्हाला किनाऱ्याकडे ढकलत होता आणि त्या बाजूला पाण्यातून वर आलेले काळे खडक मला अगदी स्पष्ट दिसत होते. तांडेलाने नांगर टाकायला लावला. नांगर धरायचा, सुटायचा, पुन्हा थोडा धरायचा. प्रत्येक वेळी दोर थरथरला की मी खडकांपर्यंतचं अंतर नव्याने मोजायचो.

पण खरं सांगतो, मला खडकांची तेवढी भीती वाटली नाही जेवढी त्या शिवणीची वाटली. ती शिवण वडिलांची होती. सगळ्याच त्यांच्या होत्या. आता तांडेल ती हातात घेणार, लांब आणि आखूड टाके बघणार आणि सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार. दुकानात बसून आयुष्यभर 'धरेल' म्हटलेल्या माणसाला हे असं, भर समुद्रात, परक्या माणसांत ऐकावं लागणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खारं वारं होतं, कुणाला कळलं नाही.

वडील गुडघ्यांवर सरकत शिडाजवळ गेले. उघडलेली कड त्यांनी बोटांनी चाचपली, वरपासून खालपर्यंत. मग तांडेलाला म्हणाले, "दोरा गेला. कापड शाबूत हे."

तांडेलाने वाकून बघितलं. खरंच होतं. कापडाचा एक धागा फाटला नव्हता.

"दोरा कापडापेक्षा हलका घ्यायचा असतो," वडील म्हणाले. आवाज दुकानातलाच. "दोरा मजबूत अन् कापड कच्चं, तर कापड फाटतं. फाटलं की गेलं. उसवलं तर पुन्हा शिवता येतं."

हे त्यांचं जुनं तत्त्व होतं, मी लहानपणी ऐकलेलं. तरीही त्या क्षणी मला ते खरं वाटलं नाही. ते हात झाकण्यासाठी बोलताहेत असं वाटलं. अजूनही मधूनमधून वाटतं. दोन्ही खरं असू शकेल.

त्यांनी सोडणातला ओवलेला दाभण उपसला, तळहाताला चामड्याची पट्टी बांधली आणि टाका घालायला गेले. गलबत डोलत होतं, कापड ओलं आणि जड झालं होतं आणि हात थांबत नव्हता. पहिला टाका हुकला. दुसरा डाव्या हाताच्या बोटात शिरला. रक्ताचा ठिपका पांढऱ्या कापडावर पसरला. मी सवयीने मध्ये सरकलो, अंतरपाट धरायला. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. दाभण कापडात टोचून ठेवला आणि तांडेलाकडे बघून म्हणाले, "हात चालत नाय माझा."

बोलायचं नाय, असं आम्हाला बजावलेली गोष्ट ते स्वतःच बोलले होते.

"ठाऊक हाय," तांडेल म्हणाला. "शेडमधी बसला होता तवापास्नं ठाऊक हाय."

"मग बरोबर कशाला घेतलं?"

तांडेलाला हा प्रश्नच कळला नसावा. "मग उसवल्यावर कुठं शिवायचं ते कोण सांगनार व्हतं?"

वडील माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं यांना माहीत हे म्हणून? रोज यांच्यादेखत दोरा ओवून ठेवायचास, अन् बोलला नाय?"

"मी? मी कुठे ओवतो? तुम्हीच ओवता ना?"

आम्ही दोघेही एकदमच चुलीकडे बघायला लागलो. भंडारी समुद्राकडे पाठ करून बसला होता. तो कांदा चिरत होता. आमच्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी रिकामाच असतो."

एवढे दिवस मी खलाशांच्या नजरेपुढे भिंत होऊन सरकत होतो आणि त्या भिंतीमागे काय आहे ते त्या अख्ख्या गलबताला माहीत होतं. मला हसू यायला हवं होतं. पण नांगराचा दोर पुन्हा थरथरला आणि खडक अगोदरपेक्षा जवळ दिसले.

"बस," वडील मला म्हणाले.

"अण्णा, माझे टाके तुम्हाला माहीत आहेत."

"बस म्हटलं ना."

मी बसलो. त्यांनी ती चामड्याची पट्टी सोडून माझ्या तळहाताला बांधायला घेतली. गाठ त्यांना जमेना, तेव्हा एका खलाशाने ती मारली. मग त्यांनी चुलीतला कोळसा मागवला आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून कापडावर ठिपके काढत गेले. प्रत्येक ठिपक्यावर एक टाका. मी ठिपक्यावर दाभण टोचायचो, तळहाताने रेटायचो, पलीकडून ओढून घ्यायचो. भंडारी पुढचा दाभण ओवून हातात देत होता. दोन खलाशांनी कड धरली होती. मी चुकलो की वडील बोटाने टिचकी मारायचे, लहानपणी मारायचे तशीच. "ओढू नको एवढं. दोराच तुटला पायजे, कापड नाय." कितीतरी वेळ फक्त एवढंच चाललं होतं. ठिपका, टाका, ठिपका, टाका. माझे हातही कापत होते, भीतीने. पण माझं कापणं डॉक्टरांकडे नेण्यातलं नव्हतं, ती भीती मला जन्मापासून सवयीची होती. तिच्यासकट काम करायला मी शिकलेलो होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटची गाठ मी मारली. टाके कोंबडी चालल्यासारखेच पडले होते, फक्त या वेळी ती कोंबडी कोळशाच्या ठिपक्यांवरून चालली होती. खलाशांनी दोर ओढायला सुरुवात केली.

त्या शिवणीने कोचीपर्यंत साथ दिली, हे आज सांगणं सोपं आहे. कोचीला साहेबांनी सगळ्यांचे फोटो काढले, त्यात मी डोळे मिटलेला आलो आहे. नाशिकच्या स्टँडवर आई आली होती, तिने आधी वडिलांच्या हाताकडे आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं. वडिलांनी त्यानंतर दाभण हातात घेतला नाही. दुकान पुढे काही वर्षं त्यांच्या नजरेखाली कारागिरांनी चालवलं. ते गादीवर बसायचे आणि गिऱ्हाइकाने विचारलं की 'धरेल' म्हणायचे. मग तेही थांबलं. शेवटी शेवटी कप मी धरायचो आणि ते प्यायचे. तेव्हा कप गळका आहे असं आमच्यापैकी कुणीच म्हणायचं नाही.

पण यातलं काहीच त्या दुपारी माहीत नव्हतं. त्या दुपारी शीड ओलं, जड, दोराला लोंबकळत वर चढत होतं आणि खडक मागेच होते. वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी एका हाताने डोलकाठीचा दोर धरला होता. शीड फडफडलं, अंग झटकल्यासारखं झालं आणि भरायला लागलं. वडिलांच्या सगळ्या शिवणी त्यात होत्या, पण ते बघत होते माझ्या शिवणीकडे. खालचा ओठ दातांखाली, मान वर, श्वास अडकलेला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी दाढी करताना आरशात मला तोच दिसायचा. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, थरथरत, आणि त्यांनी विचारलं, "धरेल ना रे?"

मला ते माहीत नव्हतं. माझ्या टाक्यांवर माझा कणभर भरवसा नव्हता.

"धरेल," मी म्हणालो. म्हणताना वर बघायची मला हिंमत झाली नाही. एवढी वर्षं हे उत्तर देताना वडील वर का बघत नसत, ते मला तिथे कळलं.